सुपरहिरोपटांचं रूप आणि त्यांचं पुढे काय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्व्हल की डीसी (सुपरहिरो कॉमिक्स आणि चित्रपटांची दोन मोठी घराणी), उजळ की गडद, सिक्वेल की रीबूट, हे वाद वर्षानुवर्षं चालू आहेत आणि ते चालावेतच. या चित्रपटांवर जीव असल्याशिवाय कुणी इतकं भांडत नाही. पण पुष्कळदा वाद मतापाशी पोचतच नाही, आधीच शब्दांत आणि अर्धवट माहितीत अडकतो. म्हणून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट पुढे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'व्हिज्युअल स्टाइल' म्हणजे नक्की काय? रंगच ना?

रंग हा त्यातला एक भाग. प्रकाश कुठून येतो, लेन्स कोणती, कॅमेरा हलतो कसा, चौकट किती उंच, नेपथ्य आणि पोशाख कसे आहेत, आणि संगणकावर बनवलेल्या गोष्टी या सगळ्यात कितपत मुरल्या आहेत, हे सगळं मिळून शैली होते. १९८९ च्या 'बॅटमॅन'मध्ये रंग फार थोडे आहेत, पण अँटन फर्स्ट यांनी उभं केलेलं गॉथम, म्हणजे बॅटमॅनचं शहर, एकदा पाहिलं की विसरत नाही. त्या कलादिग्दर्शनाला ऑस्कर मिळालं. २००३ च्या 'हल्क'मध्ये अँग ली यांनी पडदा कॉमिक्सच्या पानासारखा चौकटींत तोडला. आवडो न आवडो, ती शैली होती.

वादात उतरण्याआधी तीन शब्द वेगळे ठेवा. सॅच्युरेशन म्हणजे रंग किती भडक, कॉन्ट्रास्ट म्हणजे सगळ्यात काळा भाग आणि सगळ्यात उजळ भाग यांतलं अंतर, आणि पॅलेट म्हणजे मुळात कोणते रंग निवडले. 'फिका दिसतो' या एकाच तक्रारीत हे तिन्ही मिसळलेले असतात आणि निम्मी भांडणं तिथेच होतात.

२. मार्व्हलचे चित्रपट इतके करडे, धुतल्यासारखे का दिसतात?

याचं नेहमीचं उत्तर 'डिजिटल कॅमेरा' असं असतं आणि ते अपुरं आहे. २००८ चा 'आयर्न मॅन' फिल्मवर चित्रित झाला, २०१२ चा 'द अव्हेंजर्स' डिजिटल अलेक्सा कॅमेऱ्यावर, आणि दोघांच्या पोतात फरक दिसतो हे खरं. डिजिटल कॅमेरा चित्र 'लॉग' पद्धतीने साठवतो. त्यात सावल्या आणि उजेड दोन्हीकडचा जास्तीत जास्त तपशील राहावा म्हणून मूळ चित्र मुद्दाम सपाट, राखाडी ठेवलेलं असतं. कॉन्ट्रास्ट आणि रंग नंतर कलर ग्रेडिंगमध्ये चढवायचे. तिथे काळा भाग पुरता काळा केला नाही, तर तो राखाडी पडदा शेवटपर्यंत चित्रावर राहतो.

मग तो काळा करत का नाहीत? कारण एकेका शॉटमध्ये वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणी चित्रित झालेली माणसं आणि संगणकावर बनलेलं आकाश, धूर, राक्षस हे सगळं एकत्र जोडायचं असतं. कडक उन्हात सावलीची दिशा आणि धार दोन्ही ठरलेल्या असतात, त्यामुळे तुकडे जुळले नाहीत तर चोरी लगेच पकडली जाते. ढगाळ, मऊ, दिशाहीन प्रकाशात काहीही कशाशीही जुळतं. 'अव्हेंजर्स: एंडगेम'मधली (२०१९) शेवटची लढाई आठवा: राखाडी आभाळ, धूळ, मातकट जमीन. शेकडो पात्रं एका चौकटीत बसवायला हे सोयीचं आहे. पण त्यात पोशाखांचे लाल-निळे रंग जमिनीच्या रंगात बुडतात.

म्हणजे करडेपणा ही बहुतेक वेळा निवड नसते. प्रकाशाचा निर्णय पुढे ढकलल्याची ती किंमत असते. ज्यांनी तो आधी घेतला, त्यांचे चित्रपट त्याच स्टुडिओत वेगळे दिसले. 'थॉर: रॅग्नारॉक' (२०१७) आणि 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी व्हॉल्यूम २' (२०१७) यांना कुणी करडं म्हणत नाही.

३. मग झॅक स्नायडरचे चित्रपट गडद आणि मार्व्हलचे फिके, हे बरोबर आहे?

अर्धंच. स्नायडर यांचा डीसीसाठीचा सुपरमॅनपट 'मॅन ऑफ स्टील' (२०१३) ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाला. त्यात सॅच्युरेशन कमी आहे, पण कॉन्ट्रास्ट भरपूर आहे. म्हणून तो 'रंग काढून घेतलेला' वाटतो, 'धुतलेला' वाटत नाही. मार्व्हलच्या बऱ्याच चित्रपटांत उलट असतं: रंग मध्यम, कॉन्ट्रास्ट कमी. दोन्हींना 'डल' म्हटलं की दोन निराळ्या तक्रारी एक होऊन जातात. सुपरमॅनचा निळा पोशाख इतका मातकट असावा का, हा प्रश्न रास्त आहे. पण तो पॅलेटचा प्रश्न आहे आणि ते पॅलेट दिग्दर्शकाने विचारपूर्वक निवडलं होतं.

४. व्हीएफएक्स (संगणकावर बनवलेली दृश्यं) पूर्वीपेक्षा वाईट का झाले? २००४ चा 'स्पायडर-मॅन २' आजच्यापेक्षा चांगला दिसतो!

तंत्र वाईट झालेलं नाही, उलट केस, कापड, पाणी, कातडी यांत ते फार पुढे गेलं आहे. बदललं ते काम करून घेण्याचं वेळापत्रक. आजच्या मोठ्या सुपरहिरोपटात दोन हजारांहून अधिक व्हीएफएक्स शॉट असू शकतात आणि ते अनेक कंपन्यांत वाटले जातात. त्यात पोशाख, शेवटची लढाई, कधी खलनायकाचा चेहराही चित्रीकरण झाल्यावर बदलतो. 'एंडगेम'मधले कालप्रवासाचे पांढरे पोशाख पूर्णपणे डिजिटल आहेत. चित्रीकरणाच्या वेळी त्यांचं रूप ठरलेलंच नव्हतं. ते सुरेख उतरले, पण दर वेळी तेवढा वेळ हाती नसतो.

बिघडतं कुठे, ते जवळून बघायचं असेल तर 'अव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर'मधला (२०१८) हल्कबस्टर या अवजड चिलखतातला ब्रूस बॅनर, म्हणजे हल्कचं माणसातलं रूप, पाहा. चिलखत बाजूला होतं आणि मार्क रफेलो यांचं डोकं दिसतं. चेहरा खरा, बाकी सगळं डिजिटल. मान खांद्यात रुतलेली वाटत नाही, नुसती वर ठेवलेली वाटते. असा शॉट तपासताना चार गोष्टी बघायच्या:

- दोन वस्तू जिथे टेकतात तिथे बारीक काळी सावली आहे का? (मान आणि कॉलर, पाय आणि जमीन.)
- चेहऱ्यावरचा प्रकाश आणि मागच्या दृश्यातला प्रकाश एकाच बाजूने येतो का?
- कडांवर पार्श्वभूमीचा रंग सांडला आहे का?
- वजन जाणवतं का? अवजड शरीर हळू वेग घेतं आणि हळूच थांबतं. डिजिटल माणूस माशीसारखा दिशा बदलायला लागला की डोळा फसत नाही.

'ब्लॅक पँथर' (२०१८) या चित्रपटाला वेशभूषा आणि कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, आणि त्याच चित्रपटातली भुयारी रेल्वेतली शेवटची मारामारी रबरी बाहुल्यांसारखी वाटते अशी तक्रार आजही होते. दोन्ही खरं आहे. दोष कलाकारांच्या हातात नव्हता, उशिरा ठरलेल्या कामात होता.

कामाच्या या ताणाची दखल पुढे घेतली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी एकमताने युनियनच्या बाजूने मतदान केलं. मात्र बाहेरच्या कंपन्यांत काम करणारे हजारो कलाकार त्या मतदानात नव्हते, हे लक्षात ठेवा.

५. एलईडी भिंतीसमोर चित्रीकरण केलं की हे प्रश्न सुटत नाहीत का?

काही सुटतात, काही नवे येतात. यात नटांच्या मागे भल्यामोठ्या एलईडी पडद्यावर पार्श्वभूमी चालू असते आणि कॅमेरा हलेल तसा तिचा कोन बदलतो. मोठा फायदा प्रतिबिंबांचा. चकचकीत चिलखतावर, डोळ्यांत, ओल्या रस्त्यावर पार्श्वभूमीचा खरा उजेड पडतो. 'द बॅटमॅन'मध्ये (२०२२) अर्धवट बांधलेल्या इमारतीवरून दिसणारं संध्याकाळचं गॉथम असंच चित्रित झालं, आणि तिथे ते अस्सल वाटतं. छायालेखक ग्रेग फ्रेझर यांनी संधिप्रकाश निवडला, आणि मऊ, रंगीत, पसरलेला उजेड हीच त्या भिंतीची ताकद आहे.

कडक ऊन ती देऊ शकत नाही. भर दुपारचं वाळवंट भिंतीवर दाखवलं तर माणसं ढगाखाली उभी असल्यासारखी दिसतात. दुसरी अडचण जागेची: खोलीचा आकार ठरलेला, म्हणून पात्रं थोडं चालून थांबतात आणि मागचं जग मात्र अफाट असतं. तिसरी, भिंत आणि जमीन यांचा सांधा. तो झाकायला दगड, धुकं किंवा खड्डा ठेवावा लागतो. चौथी, कॅमेऱ्याचा फोकस थेट भिंतीवर गेला तर बारीक लाटांसारखी नक्षी उमटते.

आणि मुख्य म्हणजे पार्श्वभूमी चित्रीकरणाआधी तयार हवी. 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांना ही भिंत उपयोगाची नाही.

६. हिरवा पडदा की निळा? फरक काय पडतो?

पात्राच्या अंगावर नसलेला रंग निवडायचा, एवढंच. २००२ च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये गंमत झाली: एकाच्या पोशाखात निळा, दुसरा ग्रीन गॉब्लिन. म्हणून स्पायडर-मॅनला हिरव्या पडद्यासमोर आणि गॉब्लिनला निळ्या पडद्यासमोर वेगवेगळं चित्रित करून नंतर जोडावं लागलं. हिरव्याचा उजेड अंगावर जास्त सांडतो. रात्रीच्या दृश्यांना निळा बरा पडतो, कारण थोडा निळा उरला तरी तो चांदण्यात खपून जातो.

७. एकच चित्रपट कधी उंच, कधी रुंद का दिसतो? काळ्या पट्ट्यांनी चित्र कापलं जातं का?

चौकटीचं प्रमाण वेगळं असतं म्हणून. नेहमीची रुंद चौकट २.३९:१, थोडी उंच १.८५:१, डिजिटल आयमॅक्स १.९०:१ आणि आयमॅक्स फिल्मची सगळ्यात उंच १.४३:१.

'इन्फिनिटी वॉर' आणि 'एंडगेम' पूर्णपणे आयमॅक्सच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर चित्रित झाले. आयमॅक्स पडद्यावर ते १.९०:१ मध्ये दिसले, इतरत्र २.३९:१ मध्ये, म्हणजे आयमॅक्समध्ये सुमारे २६ टक्के जास्त चित्र. इथे पट्ट्यांच्या जागी खरोखरच चित्र होतं. पण २.३९:१ साठीच रचलेल्या चित्रपटात पट्ट्यांमागे काही दडलेलं नसतं. तिथे 'कापलं' म्हणणं चूक.

उंच चौकट म्हणजे भव्य, असंही समीकरण नाही. 'द अव्हेंजर्स' (२०१२) १.८५:१ मध्ये आहे, कारण हल्क आणि ब्लॅक विडो शेजारी उभे राहिले तर रुंद चौकटीत एकाचं डोकं नाहीतर दुसरीचे पाय जातात. 'झॅक स्नायडर्स जस्टिस लीग' (२०२१) तर जवळपास चौकोनी, १.३३:१ आहे. आडवं जग नको, उभ्या मूर्तीसारखी माणसं हवीत, ही त्यामागची दृष्टी. घरच्या टीव्हीवर त्याच्या डावी-उजवीकडे पट्ट्या येतात, त्या टीव्हीच्या 'झूम'ने घालवू नका. तसं केलं की वरखालचं चित्र खरंच कापलं जातं.

८. थिएटरात छान दिसलेला चित्रपट घरी काळोखात का जातो?

थिएटरच्या पडद्याचा ठरलेला उजेड ४८ निट्स (निट हे उजेड मोजायचं एकक), म्हणजे टीव्हीच्या मानाने खूप कमी. पण तिथे अंधार असतो आणि डोळा त्याला सरावतो. घरी दिवे चालू असतील तर तेच गडद दृश्य दिसेनासं होतं. चित्र खराब नसतं, खोली उजळ असते. आधी दिवे मंद करा, मग पुढच्या सेटिंग तपासा:

- पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा. 'व्हिव्हिड' मोडमधला भडक रंग टीव्हीचा असतो, चित्रपटाचा नव्हे.
- मोशन स्मूदिंग बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः घालतो आणि लढाया मालिकेसारख्या गुळगुळीत, खोट्या दिसायला लागतात.
- शार्पनेस तळाला आणा. जास्त असेल तर कडांना पांढरी रेघ येते आणि चांगलं व्हीएफएक्सही चिकटवल्यासारखं दिसतं.
- इको मोड आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. यांच्यामुळे दृश्य मध्येच आपोआप उजळतं-मंदावतं.
- कलर टेंपरेचर 'वॉर्म'. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग सवय होते.

थ्रीडीची गोष्ट वेगळी. चष्मा आणि प्रोजेक्टरची पद्धत मिळून उजेड नेहमीच्या एक तृतीयांशाच्या आसपास येतो. 'फार अंधारा होता' ही तक्रार करताना थ्रीडीत पाहिला होता का, ते आधी आठवा.

९. दोन चित्रपटांच्या रंगांची तुलना कशी करावी? ट्रेलरचे फोटो चालतील?

ट्रेलर नकोत. पुष्कळदा त्यांचं ग्रेडिंग वेगळं असतं, शॉट अपुरे असतात आणि ऑनलाइन व्हिडिओत सावल्यांचा तपशील दाबला जातो. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणाऱ्या प्रतीमधून घेतलेला स्क्रीनशॉट साध्या स्क्रीनवर हमखास फिका दिसतो. 'बघा किती फिका' म्हणून फिरणाऱ्या कित्येक चित्रांमागे एवढंच कारण असू शकतं.

दोन्ही चित्रपटांच्या एकाच प्रकारच्या अधिकृत प्रती घ्या, दोन्ही एसडीआरमधल्या, म्हणजे एचडीआर नसलेल्या साध्या. प्रसंगही एकाच जातीचे निवडा: दिवसा-बाहेर विरुद्ध दिवसा-बाहेर. प्रत्येकी किमान दहा फ्रेम, ठरावीक मिनिटांच्या अंतराने, आवडत्या नव्हेत. मग तीन गोष्टी बघा: सगळ्यात काळा भाग खरंच काळा आहे का, कातडीचा रंग माणसासारखा आहे का, पोशाख पार्श्वभूमीतून सुटून दिसतो का. शेवटी त्याच फ्रेम कृष्णधवल करा. रंग काढल्यावरही नायक ठळक दिसला, तर प्रकाशयोजना चांगली आहे आणि तक्रार फक्त रंगाची उरते. तो पार्श्वभूमीत विरघळला, तर दोष ग्रेडिंगच्या आधीचा आहे.

१०. 'स्पायडर-व्हर्स'ची शैली सगळ्यांनी का उचलू नये?

ती वरवरची नाही म्हणून. 'इनटू द स्पायडर-व्हर्स' या अ‍ॅनिमेटेड चित्रपटात (२०१८) नवखा स्पायडर-मॅन माइल्स सुरुवातीला बराच वेळ सेकंदाला १२ चित्रांनी हलतो आणि शेजारचा अनुभवी पीटर २४ चित्रांनी. जंगलातल्या झोक्यांच्या प्रसंगात माइल्सचा नवखेपणा त्याच्या हालचालीतच दिसतो. वेगाचा धूसरपणा काढून टाकला आहे, म्हणून कुठलीही फ्रेम थांबवा, ती छापील चित्रासारखी उभी राहते. फोकसबाहेरच्या वस्तू धूसर करण्याऐवजी त्यांचे रंग एकमेकांपासून किंचित सरकवले आहेत, जुन्या स्वस्त छपाईत लाल आणि निळा ठसा जुळायचा नाही तसे. सावल्यांत छपाईचे ठिपके आहेत. २०२३ च्या पुढच्या भागात ग्वेनच्या जगाचे जलरंग तिच्या मनःस्थितीनुसार ओघळतात, आणि स्पायडर-पंकचं शरीर नि गिटार वेगवेगळ्या गतीने हलतात.

खऱ्या नटांच्या चित्रपटात ठिपके टाकले तर तो फिल्टर होईल, कारण चेहऱ्याची गती आणि प्रकाश कॅमेऱ्याने आधीच पकडलेले असतात. उचलायचा असेल तर त्यामागचा विचार उचलावा: शैलीचा प्रत्येक तुकडा पात्राबद्दल काहीतरी सांगतो.

११. दिग्दर्शक वेगवेगळे, मग लढाया सारख्याच का?

मोठ्या लढायांचं प्रीव्हिज, म्हणजे साध्या संगणकीय आकृत्यांतला कच्चा चलत्-आराखडा, चित्रीकरणाच्या कितीतरी आधी तयार होतो. व्हीएफएक्सचं काम लवकर सुरू व्हावं हा हेतू. अडचण तेव्हा होते जेव्हा दिग्दर्शकाचा त्यात हात कमी असतो. मग संवादांचे प्रसंग त्याच्या नजरेतून येतात आणि लढाई आली की चित्रपट दुसऱ्याच कुणाचा वाटतो.

'द विंटर सोल्जर'मधली (२०१४) लिफ्टमधली मारामारी वेगळी का वाटते? बंद खोका, माणसं दाटीने उभी, कपाळावर घाम, कुणीतरी हळूच हत्याराकडे हात नेतो. जागा कुठून कुठपर्यंत आहे हे प्रेक्षकाला पहिल्या क्षणी कळतं. आकाशात उघडलेल्या निळ्या किरणापाशी ते कधीच कळत नाही.

१२. पोशाख कॉमिक्ससारखे भडक का नसतात? की आता होताहेत?

होताहेत. २००० च्या 'एक्स-मेन'ने सगळ्यांना काळं लेदर घातलं, कारण तेव्हा भडक कापड पडद्यावर हास्यास्पद दिसेल अशी भीती होती. २०२४ मध्ये त्याच वुल्व्हरिनने पिवळा पोशाख घातला आणि तोच सगळ्यात मोठं आकर्षण ठरला. २०२५ च्या 'सुपरमॅन'ने लाल चड्डीही परत आणली.

पूर्ण डिजिटल पोशाखाचा धोका मात्र २०११ च्या 'ग्रीन लँटर्न'ने दाखवून दिला आहे. खरं कापड कोपरात चुरगळतं, नटाला टोचतं, त्याची चाल बदलतं. निदान अर्धा पोशाख खरा असला की प्रकाश कसा पडतो याचा नमुनाही व्हीएफएक्सवाल्यांना मिळतो.

१३. 'सुपरहिरो थकवा' खरा आहे का?

सरसकट नाही. २०२३ हे एकच वर्ष पाहा. 'गार्डियन्स ३'ने जगभरात सुमारे ८४.५ कोटी डॉलर कमावले, 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'ने सुमारे ६९ कोटी. त्याच वर्षी 'द मार्व्हल्स' सुमारे २०.६ कोटींवर थांबला, मार्व्हल सिनेमॅटिक युनिव्हर्समधला सगळ्यात कमी गल्ला. प्रेक्षक तेच, वर्षही तेच. 'जोकर'ने २०१९ मध्ये १०० कोटी डॉलर ओलांडले, आणि त्याच दिग्दर्शकाचा, त्याच नटाचा दुसरा भाग २०२४ मध्ये त्याच्या जवळपासही गेला नाही.

थकवा आहे तो गृहपाठाचा. २०२१ मध्ये मार्व्हलने चार चित्रपट आणि पाच मालिका आणल्या. एका चित्रपटासाठी तीन मालिका पाहून यायला लागलं की सामान्य प्रेक्षक बाहेर राहतो. मे २०२४ मध्ये डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांनी वर्षाला दोन, फार तर तीन चित्रपट आणि दोनच मालिका असं धोरण सांगितलं. हा निर्णय योग्य आहे आणि तो आधीच व्हायला हवा होता. कमी चित्रपट म्हणजे प्रश्न ४ मधल्या कामाला वेळ.

१४. चित्रपट हिट की फ्लॉप, हे आकड्यांवरून कसं ओळखायचं?

गल्ला म्हणजे स्टुडिओची कमाई नव्हे. तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा भाग थिएटरांकडे जातो, चीनमध्ये तर स्टुडिओच्या हाती सुमारे पाव हिस्साच येतो. आणि जाहीर होणाऱ्या बजेटमध्ये प्रसिद्धीचा खर्च नसतो. म्हणून चाहते 'बजेटच्या अडीचपट' हा ढोबळ नियम वापरतात: २० कोटी डॉलरच्या चित्रपटाला बरोबरीत यायला सुमारे ५० कोटी. हा अंदाज आहे, हिशेब नव्हे. स्ट्रीमिंग, खेळणी, हक्क यांची कमाई त्यात धरलेली नसते.

पहिल्या शनिवार-रविवारपेक्षा दुसऱ्याकडे बघा. मोठ्या सुपरहिरोपटाची ५५ ते ६५ टक्के घसरण नेहमीची. 'द मार्व्हल्स' अमेरिकेत सुमारे ७८ टक्क्यांनी घसरला होता. असं झालं की तोंडी प्रसिद्धी उलटी गेली समजायचं.

१५. रॉटन टोमॅटोजवर ९० टक्के म्हणजे १० पैकी ९ ना?

नाही. ही साइट समीक्षकांची मतं गोळा करते: शंभरातल्या नव्वद समीक्षकांना चित्रपट निदान बरा वाटला, एवढाच अर्थ. सगळ्यांनी १० पैकी ६ दिले तरी १०० टक्के होऊ शकतात. सरासरी गुण वेगळे असतात, ते बघा. सिनेमास्कोर हा निराळाच प्रकार: अमेरिकेत पहिल्या दिवशी बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना विचारून दिलेली श्रेणी. पहिल्या दिवशी चाहतेच येतात, म्हणून तिथे 'बी' मिळणं ही धोक्याची घंटा असते.

१६. डीसीचं नवं विश्व सुरू झालं, मग जुन्यातलं काय चालू आहे?

जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये डीसी स्टुडिओजची सूत्रं घेतली आणि जानेवारी २०२३ मध्ये नवा आराखडा मांडला. सुरुवात डिसेंबर २०२४ च्या 'क्रिएचर कमांडोज' या अ‍ॅनिमेटेड मालिकेने झाली, चित्रपट म्हणून पहिला 'सुपरमॅन', ११ जुलै २०२५. जुना सुपरमॅन, जुनी जस्टिस लीग संपली. पण व्हायोला डेव्हिस यांची अमांडा वॉलर आणि जॉन सीना यांचा पीसमेकर नव्या विश्वातही आहेत. उलट जेसन मोमोआ हे अ‍ॅक्वामॅन होते, त्यांना आता लोबोची भूमिका दिली आहे. म्हणजे 'नट तोच तर पात्र तेच' हा नियम इथे लावू नका.

मॅट रीव्ज यांचा, म्हणजे 'द बॅटमॅन'मधला (२०२२), बॅटमॅन या विश्वाबाहेर, 'एल्सवर्ल्ड्स' या नावाखाली आहे. शैलीच्या दृष्टीने ही व्यवस्था फार मोलाची आहे: त्या पावसाळी, नारिंगी-काळ्या गॉथमला उजळ सुपरमॅनशी जुळवून घ्यावं लागत नाही.

१७. स्पायडर-मॅन मार्व्हलचा असूनही सोनीचा कसा?

चित्रपटाचे हक्क १९९० च्या दशकाच्या शेवटापासून सोनीकडे आहेत. फेब्रुवारी २०१५ च्या करारामुळे तो मार्व्हलच्या विश्वात आला. ऑगस्ट २०१९ मध्ये बोलणी तुटली, पुढच्याच महिन्यात पुन्हा जुळली. एक्स-मेन आणि फँटॅस्टिक फोर हे मार्च २०१९ मध्ये डिस्नेने (मार्व्हलच्या मालक कंपनीने) फॉक्स या कंपनीचा मोठा भाग विकत घेतल्यावर घरी परतले. कुठलं पात्र कुठे दिसेल याचा अंदाज बांधताना कथेइतकंच हे कागद पाहावे लागतात.

१८. 'सिक्रेट वॉर्स'नंतर मार्व्हल सगळं पुसून नव्याने सुरू करणार का? रूपही बदलेल?

मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तारखांनुसार 'अव्हेंजर्स: डूम्सडे' १८ डिसेंबर २०२६ ला आणि 'सिक्रेट वॉर्स' १७ डिसेंबर २०२७ ला. रॉबर्ट डाउनी ज्युनियर डॉक्टर डूम होणार हे जुलै २०२४ मध्येच सांगितलं गेलं. कॉमिक्समध्ये 'सिक्रेट वॉर्स' म्हणजे अनेक विश्वं कोसळून एक जग उरणं, त्यामुळे नव्या नटांसह नवी सुरुवात करायला तो सोपा दरवाजा आहे.

रूपाबद्दल मात्र एक चित्रपट आत्ताच बघावा: 'द फँटॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स' (२०२५). कथा वेगळ्या पृथ्वीवर ठेवल्यामुळे १९६० च्या दशकाने कल्पिलेलं भविष्य शेवटच्या बटणापर्यंत उभं करता आलं: गोल कडांचं फर्निचर, आकाशी निळे पोशाख, खराखुरा बनवलेला हर्बी रोबो. वेगळं विश्व म्हणजे वेगळी शैली, ही मुभा मल्टिव्हर्समध्ये, म्हणजे अनेक समांतर विश्वांच्या कल्पनेत, पहिल्यापासून होती, आणि ती इतकी कमी वापरली गेली याची हळहळ वाटते. नव्या सुरुवातीत प्रत्येक नायकाच्या जगाला स्वतःचं रूप मिळालं तर हवंच आहे. 'डूम्सडे'सारख्या एकत्र चित्रपटात ही सगळी रूपं एका प्रकाशात आणताना मात्र प्रश्न २ मधली अडचण पुन्हा उभी राहणार.

१९. एकाच चित्रपटाच्या अनेक आवृत्त्या असतील तर वादात कोणती धरायची?

जिच्याबद्दल बोलताय ती, आणि तसं आधी सांगून. २०१७ ची 'जस्टिस लीग' १२० मिनिटांची आहे. तिच्यात पुन्हा चित्रित झालेल्या प्रसंगांत हेन्री कॅव्हिल यांची दुसऱ्या चित्रपटासाठी राखलेली मिशी डिजिटल पद्धतीने पुसली आहे आणि वरचा ओठ सुजल्यासारखा दिसतो. २०२१ ची २४२ मिनिटांची आवृत्ती चौकट, रंग, संगीत सगळ्यात वेगळी आहे. एकीचा दोष दुसरीला लावता येत नाही.

'लोगन' (२०१७) याची कृष्णधवल आवृत्तीही अधिकृत आहे. टीव्हीवर रंग शून्य करून ती मिळत नाही, कारण लाल आणि हिरवा सारख्याच राखाडीत जाऊ शकतात आणि तोल पुन्हा साधावा लागतो. 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'च्या तर थिएटरांतच किंचित वेगळ्या प्रती लागल्या होत्या. काही संवाद आणि शॉट निराळे होते, म्हणून 'मी हे पाहिलं' आणि 'असं नव्हतंच' म्हणणारे दोघेही खरे असू शकतात. आणि डिस्ने प्लसवर नोव्हेंबर २०२१ पासून काही मार्व्हलपट १.९०:१ च्या उंच चौकटीत आहेत, तर त्यांच्या डिस्कवर बहुधा २.३९:१ आहे. फ्रेम पुरावा म्हणून देताना सोबत आवृत्ती, कुठून घेतली आणि कितवं मिनिट, एवढं लिहा.